पीएसआय, बार, किलो, मेगापास्कल: दाबाचा हिशेब कसा जुळवायचा?

दादरच्या जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पाण्याचा दाब किमान ०.०५ मेगापास्कल. प्लंबर म्हणतो, अर्धा किलो प्रेशर पाहिजे. पंपाच्या गेजवर पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड). खरं तर तिघंही जवळपास एकच सांगत असतात.

आधी हातातला आकडा किलोपास्कलमध्ये आणा. पुढचे गुणक वहीत लिहून ठेवा: १ बार म्हणजे १००, १ पीएसआय म्हणजे ६.८९५, १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणजे ९८.०७, पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे ०.१३३३, आणि पाण्याची १ मीटर उंची म्हणजे ९.८१ किलोपास्कल. मेगापास्कल असेल तर १००० ने गुणा. इथेच घोटाळा होतो. घाईत ०.०५ हा आकडा बार समजून वाचला, तर दाब दहापट कमी धरला जातो.

मग हव्या असलेल्या एककाच्या गुणकाने भागा. झालं.

आपले ०.०५ मेगापास्कल म्हणजे ५० किलोपास्कल. ५० ÷ ९८.०७ = ०.५१ किलो. ५० ÷ ६.८९५ = ७.२५ पीएसआय. आणि ५० ÷ ९.८१ = ५.१ मीटर. मला हा शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो टेपने मोजता येतो. गच्चीवरची टाकी मशीनच्या नळापेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असेल, तर दाब २९ किलोपास्कलच मिळणार. मशीनमध्ये दोष नाही. प्रेशर पंप लागेल. खाली दर मजल्याला साधारण तेवढाच दाब वाढत जातो.

गाडीच्या टायरचं गणित असंच: ३२ पीएसआय असेल तर ३२ × ६.८९५ = २२०.६ किलोपास्कल, म्हणजे २.२ बार. रक्तदाबाचे १२० (पाऱ्याचे मिलिमीटर) म्हणजे १६ किलोपास्कल. हवामानाच्या बातमीतला हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच, गुणक ०.१.

एक मात्र विसरू नका. टायरचा गेज हवेच्या दाबापेक्षा जास्त किती, तेवढंच दाखवतो. कुठे निरपेक्ष दाब (हवेचा दाब धरून एकूण) मागितला असेल तर गेजच्या आकड्यात १०१.३ किलोपास्कल मिळवा. वॉशिंग मशीनसाठी ते मिळवायचे नाहीत.

टेप लावताना उंची टाकीच्या तळापासून मोजा. मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं, आणि टाकी उतरत आली की दाबही उतरतो. शिवाय नळ चालू असताना पाइपातल्या घर्षणात थोडा दाब जातो, म्हणून ५.१ मीटरवर थोडी जास्तीची उंची धरा.