जुन्या डिझेल टेम्पोचे हीटर प्लग: कुठले घ्यायचे, किती तापवायचे

'मुंबईत कसली आलीय थंडी, हीटर प्लग हवेत कशाला?' असं म्हणत या प्लगची, म्हणजे गार इंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या विजेच्या कांडीची, वायर काढून, टेप मारून बाजूला गुंडाळून ठेवलेली जुन्या गाड्यांत पुष्कळदा दिसते. मग डिसेंबर-जानेवारीत सांताक्रूझचा पारा पंधरा-सोळावर येतो. पहाटे मासळी उचलायला ससून डॉकला निघालेला टेम्पो सेल्फवर नुसता घरघरतो, पांढरा धूर सोडतो आणि बॅटरी बसली की ढकलायला माणसं गोळा करावी लागतात. खरं तर थंडी निमित्तमात्र आहे. प्लग हवेत की नकोत हे इंजिनाच्या घडणीवर ठरतं.

आधी इंजिन ओळखा

डिझेल ठिणगीवर पेटत नाही, दाबून तापलेल्या हवेत पेटतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारा मारतो. मोठे जुने टाटा-लेलँड ट्रक बहुतेक याच जातीचे. त्यांना सहसा हीटर प्लग नसतातच, तेव्हा ते शोधत बसू नका. दुसऱ्या जातीत हेडमध्ये एक छोटं चेंबर असतं. दाबलेली हवा अरुंद तोंडातून त्यात घुसते आणि जाता जाता थंड धातूला आपली उष्णता देऊन टाकते. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, २१-२३ पट असूनही गार इंजिनात डिझेल पेटायला कुरकुर करतं. महिंद्राच्या जुन्या जीपमधलं प्यूजोचं एक्सडी, मॅटाडोरमधलं मर्सिडीजचं ओएम ६१६, टाटामोबाइलचं दोन लिटरचं इंजिन ही सगळी या गोत्रातली. यांना मुंबईतही पहिल्या स्टार्टला प्लग लागतो. पिस्टनच्या रिंग घासलेल्या असतील तर जूनमध्येसुद्धा लागतो.

प्लगवरचा आकडा वाचा

दुकानात 'जीपचा प्लग द्या' एवढंच सांगितलं तर हाताला लागेल तो डबा पुढे येतो. जुना प्लग खोलून सोबत न्या आणि चार गोष्टी जुळवा: आटे, षटकोनाखालची लांबी, हेडमध्ये टेकणारी निमुळती बाजू आणि व्होल्टेज. आटे जुन्या इंजिनांत बरेचदा १२ मिलिमीटरचे, नंतरच्यांत १० चे असतात. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा नको. आखूड प्लगचं टोक फवाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि लांब असेल तर ते फवाऱ्यातच जळतं.

खरी फसगत होते ती व्होल्टेजमध्ये. १२ व्होल्टच्या गाडीसाठी बनवलेल्या साध्या प्लगवर बहुधा ११ लिहिलेलं असतं. काही जुन्या गाड्यांत मात्र कमी व्होल्टेजचे प्लग आहेत आणि कंट्रोलर त्यांना ठरावीक वेळच करंट देतो. ६ व्होल्टचा प्लग थेट १२ वर टाकला की त्यातली ताकद चौपट होते. काही सेकंदांत तो लाल होतो, बटणावरचं बोट उशिरा उचललं तर टोक फुगतं आणि फुटतं. फुटलेला तुकडा चेंबरमध्ये पडला की हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. आणखी जुन्या रचनेत प्लग एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकाला एक-दोन व्होल्टच मिळतात आणि डॅशबोर्डवर तारेचं छोटं वेटोळं लाल होऊन दाखवतं. त्या माळेतला एक गेला की सगळेच गार. अशी गाडी असेल तर माळ काढून पॅरलल जोडणीचे, म्हणजे प्रत्येकाला वेगळा करंट मिळणारे, सरळ दांडीचे पेन्सिल प्लग बसवणं हाच शहाणपणा, अर्थात तुमच्या हेडला बसणारे मिळत असतील तर.

थोडक्यात, प्लग आणि त्याचा कंट्रोल ही जोडी आहे. एक बदलताना दुसरा काय आहे ते बघितलंच पाहिजे. नुसते 'भारीतले' प्लग घालून जुना टायमर तसाच ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत प्लगच्या नावाने शिव्या सुरू होतात.

विकत घेण्यापूर्वी आणखी एक निवड करायची असते. एका कॉइलचा साधा प्लग तापायला १५-२५ सेकंद घेतो. दोन कॉइलचा प्लग पाच-सात सेकंदांत तापतो, आणि तापल्यावर आतली दुसरी कॉइल करंट आपोआप आवरते. पहाटे घाईत, हाताने बटण दाबून गाडी काढणाऱ्याने दुसरा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चार पैसे जास्त जातात, पण ड्रायव्हरचं बोट दोन सेकंद जास्त राहिलं तरी प्लग वाचतो. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोन्ही मागून बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं इंजिन, जुनं हेड जरूर घ्यावं, पण प्लग मात्र वापरलेले घेऊ नयेत.

बाहेर काढून तापवून बघा

नवा असो की जुना, प्लग बसवण्याआधी टेबलावर तपासावा. मल्टिमीटरवर चांगला थंड प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो मेला. पण ओहम बरोबर असलेला प्लगही चुकीच्या जागी तापू शकतो, म्हणून पुढची पायरी चुकवू नका. प्लगचं अंग वाइसमध्ये पकडा, अंगाला निगेटिव्ह आणि वायर जोडायच्या स्क्रूला पॉझिटिव्ह जोडा, जाड वायर आणि मध्ये फ्यूज. चष्मा घाला, तोंड लांब ठेवा. चांगल्या प्लगची लाली अगदी टोकाला उमटते आणि मग वर चढते. लाली मधोमध, अंगाजवळ आधी आली आणि टोक काळंच राहिलं तर तो प्लग बाद. टोक नीट लाल व्हायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा, तोच आकडा पुढे कंट्रोलसाठी लागणार आहे. लाली आली की लगेच वायर काढा.

कंट्रोल कसा ठेवायचा

सर्वात सोपी आणि जुन्या गाडीला शोभणारी पद्धत म्हणजे दाबून धरायचं बटण. बोट उचललं की बंद होणारंच घ्यावं. चालू-बंदचा स्विच नको, कारण ड्रायव्हर तो विसरतो आणि प्लग जळतात. बटणातून फक्त रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा करंट जायला हवा. हिशेब करा: एक प्लग तापल्यावर साधारण १० ते १५ अँपिअर ओढतो, म्हणजे चार प्लगचे ४० ते ६०, आणि पहिल्या क्षणी त्याच्या जवळपास दुप्पट. हा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला तर आधी बटणाचं प्लॅस्टिक वितळतं आणि मग वायरिंगला आग लागते.

म्हणून बॅटरीजवळ फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (जास्त करंटला वितळून तुटणारा वायरीचा तुकडा), तिथून किमान १० चौरस मिलिमीटरची वायर, इंजिनाजवळ ७० अँपिअरच्या वर चालणारी रिले आणि तिथून प्लग जोडणारी पट्टी. सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा मोठा स्विच) रिले म्हणून वापरण्याची जुनी जुगाड आहे. तो थोड्या वेळासाठी बनवलेला असतो. टायमरवर इंजिन चालू झाल्यानंतरही प्लग तापते ठेवणार असाल तर सतत चालणाराच घ्यावा.

टायमर हवा असेल तर लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्टचे टायमर मिळतात. त्यांची आतली छोटी रिले १० अँपिअरची असते, त्यामुळे टायमरने मोठी रिले चालवायची, प्लग नव्हे. वेळ टेबलावर मोजलेल्या आकड्यावर लावा. इंजिन तापलेलं असताना प्लग लागतच नाहीत, म्हणून पाण्याच्या तापमानाचा स्विच मध्ये टाकला तर दिवसभराच्या थांब्यांवर प्लगचं आयुष्य वाचतं. ज्यांना धूर कमी हवा आहे त्यांनी इंजिन लागल्यावर थोडा वेळ प्लग चालू ठेवावेत, पण फक्त दोन कॉइलच्या प्लगवर. साधा प्लग यात लवकर जातो.

बसवताना

जुने प्लग कोमट इंजिनात काढा. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा. आसपासची धूळ हवेने उडवा. १० मिलिमीटरचा प्लग ३५ न्यूटन मीटरला (हे पाना पिळण्याच्या जोराचं माप), १२ चा ४५ ला सुटत नसेल तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. भोकातला काजळ साफ करूनच नवा घाला. घट्ट करताना १० ला १५ ते १८ आणि १२ ला २२ ते २५ पुरतात. वरचा नट तर दोन-तीन न्यूटन मीटरचाच मामला आहे, त्यावर पाय देऊन पाना फिरवणारे बहाद्दर रोज प्लगचे स्क्रू तोडतात.

मग प्लग तापत असताना मीटर थेट प्लगच्या स्क्रूवर लावा. ११ च्या आसपास मिळायला हवेत. ९ च मिळत असतील तर प्लगची ताकद दोन तृतीयांशावर आली. दोष प्लगचा नाही, वायरीचा, रिलेचा किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या (निगेटिव्हच्या) पट्टीचा आहे. खाऱ्या हवेत आपल्याकडे ही पट्टी पहिली खराब होते, पावसाळ्यानंतर घासून साफ करावी.

हीटर तापलेला असताना हवेच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आणि पेटता बोळाही धरू नका. स्प्रे वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन-हेडचं नुकसान होतं.

एवढं सगळं ठीक असूनही गाडी लागत नसेल तर चारही प्लगच्या स्क्रूंवर पुन्हा व्होल्ट मोजा, पंपापर्यंत डिझेल हवा न घेता पोचतंय का ते पाहा, आणि मग कॉम्प्रेशन तपासा. कॉम्प्रेशन बसलेलं असेल तर नव्या प्लगांनी फरक पडणार नाही. तिथे रिंग आणि व्हॉल्व्हचंच काम निघतं.