झोजिलाला माल घेऊन जाताय? मग एक्झॉस्ट ब्रेक विसरा

आपल्या घाटात उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावायची सवय अंगात मुरलेली असते, पण झोजिलाला (श्रीनगर-लेह रस्त्यावरची खिंड, उंची जवळपास 3,500 मीटर) रस्त्यावर बर्फाची काच झाली असली की तीच सवय नडते, कारण तो ब्रेक फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांवर येतो, ती घसरली की ट्रेलर बाजूने पुढे यायला बघतो. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि क्लच दाबून गाडी सोडू नका. चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर बांधायची साखळी) त्याच मागच्या चाकांना, आणि चढ लागायच्या आधी सपाटीवरच बांधा, किलोमीटरभर गेल्यावर उतरून परत ताणा, ढिली चेन मडगार्ड फाडते. स्पीड तीसच्या आतच.

रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या टायरमधून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही, बर्फ आहे. सावलीतली वळणं आणि पूल तर दुपारीही तसेच.

रात्री थांबलात तर हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा, ब्रेकचे ओले लायनर ड्रमला गोठून चिकटतात. डिझेल मात्र खालून भरून नेलेलं चालत नाही हां, ते थंडीत घट्ट होतं, लडाखसाठी 2019 पासून उणे 33 अंशापर्यंत वाहणारं विंटर डिझेल मिळतं तेच भरा. आणि टाकीखाली जाळ कोणी कितीही सांगितलं तरी करू नका.