स्क्रू हवेचा की पेट्रोलचा?

आयटीआय संपवून गॅरेजला लागलो आणि चौथ्या महिन्यात उस्तादांनी एक बुलेट माझ्या हाती दिली. जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची 350. तक्रार एकच: रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज. तोवर मी ज्या गाड्यांवर हात बसवला होता, त्यांच्या कार्ब्युरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असायचा. तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, हे डोक्यात पक्कं होतं. बुलेटचाही अर्धा आटा (फेरा) बाहेर काढला. आवाज वाढला. आणखी अर्धा काढला, तर आयडलिंग डगमगायला लागलं आणि रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली येईना. उस्ताद शेजारी येऊन बसले, एअर फिल्टरच्या पायपावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हा स्क्रू कुठल्या बाजूला आहे, बघितलंस का?"

नवीन मुलांना मी आजही पहिल्यांदा हेच दाखवतो. स्क्रू स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलला जाणारा कार्ब्युरेटरमधला पडदा) पलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. दिसायला दोन्ही सारखेच, काम मात्र उलटं. शेजारचा स्प्रिंगवाला मोठा स्क्रू आयडलिंगचा, तो फक्त स्लाइड वर-खाली करतो.

कार्ब्युरेटर ओळखायला बॉडी रॉकेलने पुसून ओतीव अक्षरं वाचा. या बुलेटवर मिककार्ब व्हीएम 24 असतो. त्यातले 24 म्हणजे तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण जुन्या गाडीवर कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही, म्हणून गाडीच्या नावावर जाऊ नका. जेटवरही (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) आकडा कोरलेला असतो, आकडा मोठा तर भोक मोठं. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना जेट खिशात असू द्या.

त्या दिवशी मी स्क्रू परत आत घेतला. आवाज बराच कमी झाला, पण गेला नाही. सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे बसतो, तिथे काळा पट्टा उमटला होता. गॅस तिथून फुटत होता आणि बाहेरची हवा आत जात होती. म्हणजे निम्मा आजार कार्ब्युरेटरचा नव्हताच! म्हणून आधी प्लग, एअर फिल्टर, टॅपेट आणि पॉइंटचा गॅप (ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टमधली फट, या बुलेटला 0.35 ते 0.40 मिमी) बघा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर चालू गाडीत थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. ती बंद होईपर्यंत स्क्रूला हात लावू नका.

आता सेटिंग. गाडी दहा मिनिटं फिरवून गरम करा. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग टिकत नाही. मग इंजिन बंद करून स्क्रू आत घ्या आणि किती आटे गेले ते मोजून वहीत लिहा. टेकला की थांबा. जोर दिला तर स्क्रूचं टोक त्याच्या बैठकीत खड्डा पाडतं आणि मग ती बॉडी कधीच नीट सेट होत नाही. तिथून दीड आटा बाहेर काढा, गाडी चालू करा आणि पाव-पाव आटा फिरवत आवाज ऐका. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, कारण इंजिन उशिरा उत्तर देतं. जिथे आवाज सर्वात चढतो आणि एकसारखा होतो ती जागा धरा, मग आयडलिंगच्या स्क्रूने वेग खाली आणा. पुन्हा एकदा तेच.

स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नसेल, तर बहुधा पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा छोटा जेट) चोंदलेला आहे. काढून उजेडाकडे धरा. केसापेक्षा थोडंसंच मोठं भोक, त्यातून गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा मारा, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

हा स्क्रू फक्त सुरुवातीच्या पाव थ्रॉटलपर्यंतच बोलतो. पाव ते पाऊण निडलचं (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) राज्य, त्यापुढे मेन जेटचं (मोठा जेट). निडलची क्लिप एक खाच खाली बसवली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण जाड होतं. मुठीवर चिकटपट्टी लावून खुणा करा, म्हणजे गाडी नेमकी कुठे अडखळते ते कळेल.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून एक गोष्ट वाढली आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच. जेट तोच राहिला तर जुनी गाडी आपोआप पातळ चालते. हवेचा स्क्रू थोडा आत घेऊन भागलं तर ठीक, नाहीतर पायलट जेट एक नंबर वरचा लावून बघा. मग वीस किलोमीटर चालवून प्लग काढा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर आटे वहीत लिहून टाका. पांढरं असेल तर अजून पातळ आहे, काळी काजळी असेल तर जाड.