आक्रमकतेचा अभ्यास : निवासी-आगंतुक चाचणी कशी घ्यावी

रॅट (मोठा उंदीर) आणि माउस (छोटा उंदीर) यांच्या आक्रमक वर्तनाच्या अभ्यासासाठी निवासी-आगंतुक चाचणी सर्रास वापरली जाते. आपल्या हद्दीत शिरलेल्या परक्या नराला नर हुसकावून लावतो, या नैसर्गिक प्रवृत्तीवर ती आधारलेली असल्यामुळे पिंजरा ही निवासी नराची हद्द व्हावी लागते. त्यासाठी रॅटला चाचणीपूर्वी किमान एक आठवडा मादीसोबत ठेवावे. मादी माजावर येत राहावी पण पिल्ले होऊ नयेत, म्हणून तिच्या बीजवाहिन्या बांधलेल्या असाव्यात. या काळात पिंजऱ्यातील भुसा बदलू नये, कारण हद्दीची खूण मुख्यतः वासाची असते. आदल्या दिवशी कोणी स्वच्छतेच्या हेतूने भुसा बदलला, तर आठवड्याची तयारी वाया जाते.

हे प्राणी निशाचर असल्याने चाचणी अंधाराच्या टप्प्यात, मंद लाल प्रकाशात घ्यावी. सुमारे एक तास आधी मादीला बाहेर काढावे आणि मग अनोळखी, वजनाने किंचित कमी असलेला नर, म्हणजे आगंतुक, आत सोडावा. प्रत्येक चाचणीला निवासी नराने पूर्वी न पाहिलेलाच आगंतुक हवा. विस्टार या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या रॅटच्या वाणातील अनेक नर फारसा हल्ला करत नाहीत, हे ध्यानात ठेवून मुख्य प्रयोगापूर्वी काही सराव-चाचण्या घ्याव्यात.

साधारणतः दहा मिनिटांचे चित्रीकरण पुरते. पहिल्या हल्ल्यापर्यंतचा कालावधी अवश्य नोंदवावा, पण केवळ तो आणि चाव्यांची संख्या यांवर निष्कर्ष काढणे माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. एखाद्या औषधाने चावे घटले, तर आक्रमकता खरोखर कमी झाली की प्राण्याला नुसती गुंगी आली, हे त्या आकड्यांतून कळत नाही. म्हणून हुंगणे, पिंजऱ्यात फिरणे, अंग चाटणे, अंग आडवे करून धमकावणे, पाठलाग, झडप, आगंतुकाला दाबून धरणे आणि स्वस्थ बसणे या सर्वांना दिलेला वेळ मोजावा. हल्ले घटले तरी हुंगणे आणि फिरणे पूर्ववत असेल, तरच औषधाचा परिणाम आक्रमकतेवर झाला असे म्हणण्यास आधार मिळतो.

चावा कोठे घेतला, हेही नोंदवावे. नेहमीच्या झुंजीत आधी धमकी दिली जाते आणि चावे बहुधा पाठीवर व कुशीवर पडतात. पूर्वसूचनेविना गळ्यावर, पोटावर किंवा पंजांवर हल्ला होत असेल, तर ते वर्तन विकृत हिंसेकडे झुकलेले समजावे आणि त्याची गणना वेगळी करावी. किशोरवयीन रॅट खेळताना एकमेकांच्या मानेचा वरचा भाग पकडू पाहतात, त्यास आक्रमण समजू नये.

आगंतुकाला होणारी इजा आणि भीती हा या चाचणीचा खरा भार आहे, आणि तो हलका करणे प्रयोगकर्त्याचे कर्तव्य आहे. नैतिकता समितीची पूर्वपरवानगी घ्यावी, कोणत्या जखमेला चाचणी तत्काळ थांबवायची हे आधीच लिहून ठेवावे, आणि नंतर दोन्ही प्राण्यांची त्वचा केस बाजूला सारून तपासावी, कारण लहान जखमा केसांखाली दडून राहतात.

चित्रफितींचे गुणांकन कोणता प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने करावे आणि काही फिती दुसऱ्या निरीक्षकाकडून तपासून घ्याव्यात. ज्या नराने हल्लाच केला नाही, त्याच्या नावावर चाचणीचे पूर्ण ६०० सेकंद लिहून सरासरी काढू नये. त्याचा कालावधी अपूर्ण निरीक्षण मानून जगण्याच्या कालावधीसाठी वापरल्या जाणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने विश्लेषण करावे.