हिवाळी परसबाग: ऑक्टोबरमध्येच होणाऱ्या या चुका टाळा

फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढाच राहिला, पालकाला हातभर दांडा फुटून बी धरलं, गाजर उपटलं तर त्याला दोन पाय, की सगळा दोष बियाण्यावर जातो. बियाणं कधीकधी खरंच वाईट असतं. पण डिसेंबरात दिसणाऱ्या बहुतेक बिघाडांचं मूळ ऑक्टोबरच्या कामात असतं आणि तेव्हा ते डोळ्यांना दिसत नाही. खालची माहिती मुख्यतः देशावरच्या काळ्या आणि मध्यम काळ्या जमिनीतल्या परसबागेसाठी आहे. कोकणाचं गणित वेगळं आहे, ते शेवटी येईल.

वाफसा येण्याआधी कुदळ

परतीचा पाऊस थांबला आणि सुटीचा दिवस सापडला म्हणून लोक ओल्या मातीत कुदळ घालतात. काळी माती ओली असताना उलटली की तिची ढेकळं होतात, ती उन्हात विटेसारखी वाळतात आणि मग हंगामभर फुटत नाहीत. परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली. नुसता चपटा होऊन पडला तर आणखी दोन-तीन दिवस थांबा.

पावसात माती दडपून घट्ट झालेली असते, म्हणून २०–२५ सेंमी खोल खणणं गरजेचं आहे. वाफा जमिनीपासून १५ सेंमी उंच आणि जास्तीत जास्त १ मीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही.

ऊन ऑक्टोबरात मोजणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. ऑक्टोबरात दिवसभर उन्हात असलेली जागा डिसेंबरात सावलीत जाते, कारण सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्याच्या अक्षांशावर २३ सप्टेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश वर असतो, २१ डिसेंबरला फक्त ४८ अंश. म्हणजे वाफ्याच्या दक्षिणेला ६ मीटर उंचीची एकमजली इमारत असेल, तर तिची दुपारची सावली २ मीटरवरून साडेपाच मीटरपर्यंत लांबते. दोन मीटरच्या कुंपणभिंतीचीही पावणेदोन मीटर सावली पडते. सकाळ-संध्याकाळचं तर विचारूच नका.

वाफा ठरवताना डिसेंबरातली ही सावली आताच मोजून घ्या. टोमॅटो, वाटाणा, फ्लॉवर, कांदा यांना किमान सहा तास थेट ऊन हवं. तीन-चार तासच मिळणार असतील तर तिथे पालक, कोथिंबीर, मेथी लावा. सावलीतला मुळा पाला भरपूर देतो, खाली मात्र शेपटीएवढं मूळ निघतं.

ऑक्टोबर हीटमध्ये थंडीची पिकं

पाऊस संपला म्हणजे थंडी आली, असं नसतं. ऑक्टोबरात दुपारचा पारा ३३–३५ अंशांवर जातो. अशा उन्हात पेरलेली कोथिंबीर विरळ उगवते आणि उगवली तरी लवकर फुलावर जाते. पालकाचंही तेच. वाटाण्याचं बी ओल्या, तापलेल्या मातीत कुजतं, आणि पुढे फुलोऱ्यात पारा ३० अंशांच्या वर राहिला तर फुलं गळतात.

म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांची रोपं तयार करायला घ्या. मुळा हवाच असेल तर उष्णता सोसणारा ‘पुसा चेतकी’ पेरा. मेथीही चालते. कोथिंबीर, पालक, गाजर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरा आणि वाटाणा रात्री गार वाटू लागल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. सगळं बी एकाच दिवशी संपवू नका. मेथी-कोथिंबिरीचा वाफा चार भागांत करून दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरला, तर भाजी पुरवून पुरवून मिळते.

खत: ताजं शेण आणि चुलीतली राख

चौरस मीटरला अडीच-तीन किलो शेणखत पुरतं, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. काळं, भुसभुशीत आणि शेणाचा वास गेलेलं. ताजं शेण मातीत कुजताना तापतं, कोवळ्या मुळ्या भाजतात आणि हुमणी, वाळवीला आमंत्रण मिळतं. सोबत चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळली तर उत्तम.

राखेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. काळी माती मुळातच विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) असते आणि राख तिला आणखी विम्ल करते. मग लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे त्याचं लक्षण. माव्यावर चिमूटभर राख भुरभुरणं ठीक, घमेलंभर राख वाफ्यात ओतणं नको.

बी: किती खोल, किती दाट

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल गेलं की पुरे. मेथी, पालक, मुळा एक ते दीड सेंमी, वाटाणा तीन-चार सेंमी, गाजर जेमतेम अर्धा सेंमी. धणे अख्खे पेरू नका. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून ते फरशीवर चपलेने किंवा विटेने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून वाफा उकरणारे कमी नाहीत.

मेथी चौरस मीटरला ५–६ ग्रॅम पुरे, म्हणजे सव्वा-दीड चहाचा चमचा. त्याहून दाट झाली की बुडाशी हवा खेळत नाही आणि रोपं जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात. हा मर रोग. बियाला किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा, म्हणजे १०० ग्रॅम बियाला अर्धा ग्रॅम, आणि उगवण होईपर्यंत वाफा ओला ठेवा पण चिखल करू नका. एकदा आडवी पडलेली रोपं उठत नाहीत. ती काढून दोन दिवस पाणी तोडा.

कांद्याचं बी वर्षभरातच ताकद गमावतं, त्यामुळे गेल्या साली उरलेली पुडी टाकून द्या. इतर बियांपैकी वीस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बारापेक्षा कमी मोडावल्या तर पेरणी दाट करा किंवा नवी पुडी आणा. दुकानातलं गुलाबी-जांभळा रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं. ते पेरून हात धुवा, उरलेलं स्वयंपाकघरात नेऊ नका.

फ्लॉवरचा गड्डा का भरत नाही

परसबागेत सर्वांत जास्त निराशा फ्लॉवर करतो, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे चुकीचा वाण. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या वाणांना गड्डा धरायला २० अंशांच्या वरचं हवामान चालतं. गरव्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या ‘पुसा स्नोबॉल के-१’सारख्या वाणांना १०–१६ अंशांची थंडी लागते. हळवा वाण उशिरा लावला तर झाड लहान असतानाच थंडी लागते आणि बटणाएवढा गड्डा येतो. गरवा वाण लवकर लावला तर नुसती पानं वाढत राहतात. रोपवाटिकेत “फ्लॉवरची रोपं द्या” एवढंच म्हणू नका, वाण विचारा.

दुसरं कारण म्हणजे रोपाचं वय. चार ते पाच आठवड्यांचं, चार-पाच पानांचं रोप लावा. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दीड-दोन महिने अडकलेलं, जाड देठाचं रोप दिसायला दणकट असतं, पण तेच बटण देतं. तिसरं, उपासमार. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी दर झाडाला दोन मुठी गांडूळखत द्या आणि मातीची भर लावा. चौरस मीटरला चारच रोपं बसवा, सहा नाहीत.

गड्ड्यावर तपकिरी डाग आणि देठ आतून पोकळ दिसला तर बोरॉनची कमतरता संभवते. पुढच्या वेळी लागवडीआधी चौरस मीटरला १ ग्रॅम बोरॅक्स मातीत मिसळा. जास्त झालं तर तेच विष ठरतं. गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची पानं वर घेऊन सुतळीने सैल बांधा, नाहीतर उन्हाने तो पिवळा पडतो. पिवळा गड्डा खायला काहीच हरकत नाही, फक्त पाहुण्यांना दाखवता येत नाही.

गाजर, वाटाणा, टोमॅटो

गाजराला दोन पाय फुटतात ते खडे, ढेकळं किंवा ताज्या खतामुळे. वाफा वीतभर चाळल्यासारखा भुसभुशीत हवा, आणि खत आधीच्या पिकाला दिलेलं असेल तर आणखी बरं. रोपं बोटभर झाली की ५–७ सेंमीवर एक ठेवून बाकीची उपटा. जीव होत नाही, पण उपटा.

वाटाण्याचं पेरलेलं बी उंदीर आणि होले उकरून नेतात, म्हणून पहिले दहा दिवस जाळी अंथरा. डिसेंबरअखेर पानांवर पांढरी भुरी येते. सुरुवात दिसताच लिटरला अडीच ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक फवारा.

टोमॅटोचं बूड काळं पडून खचलं की लोक अंड्याची टरफलं घालतात. काळ्या मातीत चुना मुबलक असतो, कमी पडतं ते सातत्याचं पाणी. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर, अशा पाण्यात कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. आच्छादन करा आणि ठरावीक अंतराने पाणी द्या. पानं आकसून वर वळली, झाड खुरटलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. त्याला औषध नाही. झाड लगेच उपटून पिशवीत बांधा.

पाणी आणि कीड

ऑक्टोबरातली रोजच्या पाण्याची सवय डिसेंबरात मोडा. थंडीत काळ्या मातीला चार-पाच दिवसांनी खोल पाणी पुरतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर नळ बंदच ठेवा. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. आधीच दव पडतं, त्यात संध्याकाळी पानं भिजवली की ठिपके आणि करपा ठरलेला.

पावसानंतर शंखी गोगलगायी एका रात्रीत रोपं कापतात. संध्याकाळी ओली गोणपाटं वाफ्याकडेला टाका, पहाटे खाली लपलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर मात्र पडू देऊ नका.

मावा आणि कोबीवरच्या लहान अळ्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात अर्काचा प्रभाव लवकर उतरतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कोबीच्या कडेला मोहरीची एक ओळ पेरली तर चौकोनी ठिपक्याचा पतंग तिकडे वळतो.

कोकणात आणि गोव्यात

किनाऱ्यावर रात्री पुरेशा गार होत नाहीत. गरवा फ्लॉवर आणि वाटाणा इथे हौसेपुरतेच. लाल माठ, मुळा, चवळी, वाल, वांगी आणि मिरची मात्र भरभरून येतात. जांभ्याची माती पाणी धरत नाही, म्हणून पाणी थोडं थोडं पण वारंवार द्या आणि वाळका पाला जाड अंथरा. ही माती आम्ल असल्याने इथे राखेची भीती नाही, हलका हात पुरे.

नोव्हेंबर हातचा गेला तर

डिसेंबरच्या मध्यापर्यंत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा बिनदिक्कत पेरा. कांद्याची तयार रोपं आणून १५ × १० सेंमीवर लावा, रब्बी कांद्याची पुनर्लागवड तशीही डिसेंबर-जानेवारीतच होते. वाटाणा, गाजर आणि फ्लॉवर मात्र पुढच्या वर्षावर टाका. उरलेला वाफा खणून शेणखत घालून ठेवा, जानेवारीअखेर त्यात भेंडी आणि गवार पेरता येईल.