व्होल्टेज आणि करंटवरून रोध व वॉट काढताना या चुका टाळा

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, दोन्हींचा गुणाकार केला की वॉट. सूत्रं शाळेपासून पाठ असतात, तरी उत्तर चुकतं. भागाकार बहुधा बरोबरच असतो, घोळ असतो सूत्रात घातलेल्या आकड्यांचा. म्हणून आकडेमोडीआधी एकच प्रश्न विचारा: हे व्होल्टेज आणि हा करंट एकाच भागाचे, एकाच वेळचे आहेत का?

एलईडीचं उदाहरण घ्या. सप्लाय १२ व्होल्ट, एलईडी ३ व्होल्टची, करंट हवा २० मिलिअँपिअर. सिरीजमध्ये रेझिस्टर किती ओहमचा लावायचा? इथे १२ ला ०.०२ ने भागून ६०० ओहम काढणारे पुष्कळ असतात. पण १२ व्होल्ट अख्ख्या सर्किटवर आहेत. एलईडीचे ३ वजा केले की रेझिस्टरच्या दोन टोकांत ९ व्होल्ट उरतात, म्हणून रोध ४५० ओहम. याच्या वरचं स्टँडर्ड मूल्य ४७०, ते लावा. आणि एलईडीला स्वतःचा असा ठरलेला रोध नसतो. ३ भागिले ०.०२ म्हणजे १५० ओहम हे उत्तर फक्त त्या एका करंटपुरतं खरं आहे, करंट बदलला की तेही बदलतं.

याच हिशेबात दुसरी चूक होते ती युनिटची. ९ ला थेट २० ने भागलं की ०.४५ येतं. तेवढ्या ओहमचा रेझिस्टर लावला तर एलईडी जळालीच म्हणून समजा. व्होल्टला मिलिअँपिअरने भागल्यावर उत्तर किलोओहममध्ये येतं, एवढं डोक्यात पक्कं बसलं की ०.४५ चा अर्थ आपोआप ४५० ओहम असा लागतो.

रोध काढून तिथेच थांबू नका, वॉटही बघा. वरच्या रेझिस्टरमध्ये ०.१८ वॉट उष्णता होते, त्याला पाव वॉटचा रेझिस्टर चालतो, पण अर्ध्या वॉटचा जास्त निर्धास्त. मात्र १०० ओहमचा रेझिस्टर सरळ १२ व्होल्टवर जोडला तर १.४४ वॉट होतात. पाव वॉटवाला तिथे काळा पडतो. त्याला जास्तीत जास्त ५ व्होल्ट झेपतात.

आता सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा मुद्दा. पॉवर काढायची आणखी दोन सूत्रं आहेत: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, आणि करंटचा वर्ग गुणिले रोध. मग रोध वाढल्यावर पॉवर कमी होते की वाढते? व्होल्टेज कायम असेल तर कमी होते, करंट कायम असेल तर वाढते. २३० व्होल्टवर १००० वॉटच्या हीटरची कॉइल ५२.९ ओहमची असते. कॉइल तुटली की जळका तुकडा काढून उरलेली ओढून जोडतात. समजा दहा टक्के लांबी गेली, तर रोध ४७.६ ओहम होतो आणि हीटर १००० ऐवजी सुमारे ११११ वॉट खेचतो. तार कमी, उष्णता जास्त, त्यामुळे ती पुन्हा लवकर तुटते. असा जोड देऊच नका, कॉइल बदला. उलट व्होल्टेज २०० वर घसरलं तर त्याच धडक्या कॉइलचे ८७० वॉट होतील असं वाटतं, होतात ७५६ च्या आसपास, कारण इथे व्होल्टेजचा वर्ग येतो.

वायरच्या बाबतीत हीच सूत्रं भलतीकडे नेतात. अर्ध्या ओहमच्या वायरमधून १० अँपिअर जात असतील, तर २३० चा वर्ग करून ०.५ ने भागू नका, उत्तर लाखाच्या वर जाईल. २३० व्होल्ट सप्लायचे आहेत. वायरवर फक्त ५ व्होल्ट पडतात आणि ५० वॉट वाया जातात. वायरसाठी करंटचं सूत्र वापरा.

‘एकाच वेळचे’ हे फिलामेंटच्या बल्बमध्ये कळतं. २३० व्होल्ट, ६० वॉटच्या बल्बचा रोध हिशेबाने ८८० ओहमच्या आसपास येतो. तोच बल्ब काढून मीटरवर मोजला तर आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसतो. ना मीटर बिघडलाय, ना सूत्र. पेटल्यावर टंगस्टन २५०० अंश सेल्सिअसच्या घरात तापतं आणि रोध कित्येक पटींनी वाढतो. थंड रोधावरून वॉट काढू नका.

मोटर, पंखा असेल तर एसी सप्लायवर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्हीए (व्होल्ट-अँपिअर), वॉट नव्हेत. त्यातला जेवढा हिस्सा खरोखर वॉट असतो, तो पॉवर फॅक्टर. २३० व्होल्ट, २ अँपिअर आणि ०.७ पॉवर फॅक्टर असेल तर ४६० नव्हे, ३२२ वॉट.

मोजताना अँपिअरवर ठेवलेला मीटर सप्लायच्या दोन टोकांना कधीही लावू नका, तो सरळ शॉर्ट होतो. करंटसाठी मीटर सिरीजमध्येच हवा. रोध मोजताना सप्लाय बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि रेझिस्टरचा निदान एक पाय सर्किटमधून सोडवा, नाहीतर समांतर जोडलेले भागही मोजले जातात. दोन-तीन ओहमचा रोध असेल तर आधी प्रोब एकमेकांना टेकवा आणि मीटर जे दाखवेल ते मोजलेल्या आकड्यातून वजा करा.