धरणाचा विसर्ग आणि नदीकाठचा पूर: या चुका टाळा

पाऊस लागला की नदीकाठच्या गावांत मोबाइलवर एकच आकडा फिरतो: धरणातून अमुक हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग. त्यावरून कुणी सामान माडीवर नेतं, कुणी निवांत झोपतं. दोघांनीही अर्धीच माहिती पाहिलेली असते.

फक्त विसर्ग पाहणं

शेजारी आवक, म्हणजे धरणात येणारं पाणी, ठेवल्याशिवाय विसर्गाला अर्थ नाही. आवक 80 हजार क्युसेक आणि विसर्ग 50 हजार असेल, तर धरण त्या घडीला 30 हजार क्युसेक अडवून धरतंय. काठोकाठ भरलं की ही सोय संपते, येईल तेवढं सोडावंच लागतं. म्हणून तिसरा आकडा हवा: रिकामी जागा किती उरली? सुमारे 11,500 क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट) होतं. म्हणजे इथे रोज अडीच टीएमसीहून जास्त साठतंय. 5 टीएमसी जागा उरली असेल आणि आवक अशीच राहिली, तर दोन दिवसांच्या आत विसर्ग वाढणार, हे आजच कळतं.

"धरण भरलेलं नाही, मग पूर कसला?"

धरणाच्या खालच्या बाजूला पडणारा पाऊस धरण कसा अडवणार? दरवाजे बंद असतानाही गाव पाण्यात जाऊ शकतं. संगमाखाली राहणाऱ्यांनी उपनदीची पातळीही पाहावी, विशेषतः तिच्यावर धरण नसेल तर.

सोडलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी

यांच्यात काही तासांचं, लांबच्या गावांत दिवसाचंही अंतर असतं. विसर्ग घटवल्याची बातमी ऐकून लोक घरी परततात, तेव्हा आधी सोडलेलं पाणी अजून वाटेतच असतं. आपल्या गावाला किती तास लागतात, हे मागच्या पुरांवरून लिहून ठेवा.

"आधीच का नाही सोडलं?"

राग समजण्यासारखा आहे, कधी कधी रास्तही. 2006 मध्ये गुजरातेत तापीवरच्या उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं. पण आधी सोडायलाही पात्राची मर्यादा असते. नदी काठात राहून 40 हजार क्युसेक नेत असेल, तर अख्खा दिवस सोडूनही साडेतीन टीएमसीच जागा होते. चार दिवस आधी सोडायचं तर पावसाच्या अंदाजावर भरवसा ठेवायचा, आणि अंदाज हुकला तर पुढे टंचाईचं खापर डोक्यावर. माझ्या मते या ओढाताणीत टंचाईची भीती बहुतेकदा जिंकते आणि धरण लवकर भरून घेतलं जातं.

ऑस्ट्रेलियातल्या वायव्हेन्हो धरणात पिण्याच्या साठ्याच्या वर पुरासाठी वेगळी जागा राखलेली होती. तरी 2011 मध्ये ब्रिस्बेनला पूर आलाच. 2019 मध्ये न्यायालयाने धरण चालवण्यात निष्काळजीपणा झाल्याचं म्हटलं. 2021 मध्ये धरणाची मालक असलेली सरकारी कंपनी अपिलात सुटली. न्यायाधीशांचंच एकमत होत नाही, तिथे नुसता आरोप करून हाती काय लागणार? नेमकं विचारा: अमुक तारखेला जलाशयाची पातळी किती ठेवायचं ठरलं होतं, आणि प्रत्यक्षात किती होती?

खालच्या धरणावर सरसकट खापर

खालच्या धरणात तुंबलेलं पाणी नदीत मागे चढतं; हा फुगवटा खरा असतो, पण त्याची लांबी मोजता येते. 2019 च्या कृष्णेच्या पुरानंतर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवलं गेलं. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने मात्र सांगली-कोल्हापूरच्या पुराला ते धरण कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला.

धरण आहे म्हणून पात्रात बांधणं

ही सगळ्यात महाग चूक. धरण लहान पूर गिळतं, काही वर्षं पाणी येत नाही आणि बांधकामं काठाखाली उतरतात. मग पूर्वी कुणाला न जाणवणारा विसर्गही घरात शिरतो. आरडाओरडा नको म्हणून तो कमी ठेवला जातो, धरण लवकर भरतं आणि पुढचा मोठा पाऊस अडवायला जागाच उरत नाही. जागा घेण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा, आणि तो कोणत्या सालचा आहे तेही बघा.